पुसलेला कोड

१

सोमवारी सकाळी ग्रोझदान मेकॅनिकला त्याच्याच गॅरेजातून बेड्या घालून बाहेर काढलं, तेव्हा निम्मं व्रानोवो रस्त्यावर जमलं होतं. बघ्यांना कुठलंच गाव अपवाद नसतं. बेड्या घालणाऱ्या इन्स्पेक्टर नेदाला मात्र मान वर करवत नव्हती. ग्रोझदान तिचा कूम होता. लग्नात त्यानेच तिच्या डोक्यावर मुकुट धरला होता, आणि या मुलखात कुमाचं नातं रक्ताच्या भावापेक्षा वरचं मानतात. कुमाला हातकड्या घालणाऱ्या बाईला इकडच्या म्हाताऱ्या दारात उभं करणार नाहीत.

पण इलाज नव्हता. रविवारी दिवेलागणीच्या आधी, पाचच्या सुमारास, म्हातारा स्टामेन आपल्या जुन्या जपानी गाडीसकट नदीकडच्या वळणावर सरळ पुढे गेला आणि द्राक्षमळ्यापलीकडच्या खड्ड्यात आदळला. कुणी पोचेपर्यंत तो स्टिअरिंगमागे मरून पडला होता. रस्त्यावर ब्रेकची एक रेघ नव्हती. पुतण्या कालिनने जबाब दिला की काकाने चालत्या गाडीतून फोन केला होता: क्रूझ कंट्रोल सुटत नाहीये, गाडी आपोआप धावतेय. फोन झाल्याची नोंदही सापडली. आणि ते क्रूझ दोनच दिवसांपूर्वी ग्रोझदानने हाताळलं होतं.

"अरे, वाचा की कुणीतरी!" ग्रोझदान गर्दीकडे तोंड करून ओरडत होता. "गाडीत बिघाडाचा कोड आहे! ब्रेकच्या स्विचचा! तो मेमरीत असेपर्यंत क्रूझ लागतच नाही, तर अडकेल कसं? मी स्टामेनला सांगितलं होतं, रुसे शहरातून नवा स्विच येईपर्यंत पायानं चालव. कोड वाचा आणि मग मला फाशी द्या!"

गर्दीत सगळेच होते. स्टामेनची बायको त्सोन्का काळा रुमाल बांधून, तिला आधार देऊन उभा कालिन, आणि क्रेनवाला बोयको. सगळ्यांनी ते ऐकलं. नेदाला तेव्हा हे बरंच वाटलं. चार लोकांदेखत निघालेला शब्द आहे, कुमाच्या कामी येईल, असं तिला वाटलं.

२

"माझं ऐक नेदा," साहेब मंगळवारी सकाळी फोनवर म्हणाले. "सरकारी वकील आज दुपारी येतायत, अंत्यविधीनंतर. कैदी त्यांच्या ताब्यात जाणार. तू त्याची कूम लागतेस, उद्यापासून या केसला हात लावायचा नाही."

"आणि आज?"

"आज मी दाढदुखीनं बेजार आहे. मला काही दिसत नाही."

नेदा कोठडीत गेली. ग्रोझदानने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता, पण तोंडाचा पट्टा शाबूत होता.

"वा! आज आठवण झाली? याचसाठी तुझ्या लग्नात मुकुट धरून हात दुखवून घेतले होते?"

"कूम, चिडायला आयुष्य पडलंय. कोड कसा वाचायचा ते सांगा."

"त्याला मशीन लागत नाही. जुनी गाडी आहे, तिची ती बोलते. क्रूझची दांडी आपल्याकडे ओढून धर, किल्ली फिरव, मग बटण दाब. डॅशबोर्डवर क्रूझचा हिरवा दिवा मिचकायला लागेल. थांबत थांबत मिचकला तर मोज, तो कोड. एकसारखा मिचकत राहिला, तर मेमरी कोरी."

"आणि पुसायचा कसा?"

"फ्यूज काढायचा, जरा दम धरायचा, परत बसवायचा. पण मी कशाला पुसू? मी मुद्दाम ठेवला होता. म्हातारा विसरून क्रूझ लावेल म्हणून."

बोयकोच्या आवारात गाडी पुढून चेपून उभी होती, पण बॅटरी जिवंत होती. बोयको साक्षीला दाराशी थांबला. सीटवर आणि पायाखाली वाइनचे डाग वाळले होते. नेदा स्टामेनच्या जागी बसली. देवळात अकराचे टोल पडत होते आणि डॅशबोर्डवरचं घड्याळ चार दाखवत होतं. त्याकडे तिने लक्ष दिलं नाही. व्रानोवोत एकाही गाडीचं घड्याळ बरोबर नसतं. दर वर्षी सरकारी तपासणीच्या आदल्या दिवशी अख्खं गाव फ्यूज उपटून इंजिनाचा दिवा विझवतं, खरा बिघाड तसाच राहतो, आणि घड्याळ परत लावायचा कंटाळा सगळ्यांनाच. नेदाच्या स्वतःच्या गाडीत गेली दोन वर्षं मध्यरात्रीला न्याहारीची वेळ होत होती.

तिने दांडी ओढली. किल्ली फिरवली. बटण दाबलं.

हिरवा दिवा मिचकला, पुन्हा मिचकला, मिचकतच राहिला. मध्ये कुठे थांबला नाही. तिने किल्ली काढून सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच.

मेमरी कोरी होती.

३

"झालं!" बोयको म्हणाला. त्याच्या आवाजातला आनंद लपत नव्हता. "तुमचा कूम खोटं बोलला बघा, इन्स्पेक्टरबाई. त्यानं कोड पुसला, दुरुस्त केलं म्हणून पैसे घेतले, आणि म्हातारा मेला. गावाचे दिवे विझवायची सवय ना त्याला!"

"तुला फार वाईट वाटलेलं दिसतंय."

"चौकातली ती जागा माझ्या बापाची होती. ग्रोझदाननं बळकावली. मी कशाला रडू?"

बोयको निदान मनातलं ओठावर आणत होता. नेदाने विचारलं, "गाडी इथे आल्यापासून आत कोण कोण बसलं?"

"कुणी नाही."

"मग ही वाइन काय आभाळातून सांडली?"

बोयकोने टोपी काढून डोकं खाजवलं. "ते होय. ते बसणं नाही हो, ते क्रियाकर्म. माणूस जिथे गेला तिथे वाइन ओतायला आले, त्यांना नाही म्हणायचं? माझ्या सात पिढ्यांना शाप लागेल. काल भर बारा वाजता त्सोन्काकाकू आली. आज सकाळी आठला मी फाटक उघडलं, तर कालिन बाटली घेऊन उभा. मी दोन्ही वेळेला लांब जाऊन उभा राहिलो, टोपी काढून. मेलेल्याशी कोण काय बोलतं ते ऐकू नये."

"आणि रात्री?"

"रात्री कुत्रा सुटा असतो. तो मलाही ओळख दाखवत नाही."

म्हणजे तिघं. बोयकोला ग्रोझदानची जागा हवी होती. त्सोन्काला नवऱ्याच्या मरणाचा जाब कुणाकडून तरी हवा होता. कालिन साक्षीदार होता. नाहीतर चौथा, कोठडीतला, खरंच खोटं बोलत होता. ही चौथी शक्यता नेदाला घशातल्या काट्यासारखी टोचत होती. कुमाला ती ओळखत होती, पण चोराच्या बायकाही असंच म्हणतात.

त्सोन्काकडे घर बायकांनी भरलेलं होतं. आरशांवर चादरी टाकल्या होत्या. नेदाला बघून बायकांनी तोंडं फिरवली. त्सोन्का मात्र उठून तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"तुझ्या कुमासाठी आलीस?"

"खरं काय ते शोधायला आलेय, काकू."

"खरं काय?" त्सोन्काचा आवाज फाटला. "बेचाळीस वर्षं हा माणूस स्टेशनमास्तर होता. गाडी त्याच्या हातून एक मिनिट इकडची तिकडे झाली नाही. रिटायर झाला तरी रोज दुपारी रेडिओवर बाराचे ठोके लागले की आधी मनगटावरचं, मग भिंतीवरचं, मग खाली जाऊन गाडीतलं घड्याळ लावायचा. सूप गार व्हायचं. मी ओरडायचे. आणि तो माणूस साधं वळण चुकला म्हणता?"

नेदाने हळूच विचारलं, "काल वाइन ओतायला गेलात, तेव्हा गाडीत काही हलवलंत?"

"मी दारातूनच ओतली. आत बसायचा धीर झाला नाही." त्सोन्काने डोळे पुसले. "काल संध्याकाळी आम्ही त्याला धुतलं. वाइन आणि पाण्यानं, रीतीप्रमाणे. इथून असा वळ गेला होता," तिने स्वतःच्या उजव्या खांद्यावरून कमरेपर्यंत बोट ओढलं, "काळानिळा. डॉक्टर म्हणाला, पट्ट्याचा. किती दुखलं असेल गं माझ्या म्हाताऱ्याला."

आणि ती हमसून रडायला लागली. नेदाने तिचा हात धरला. पण तिची नजर त्सोन्काच्या बोटावर खिळली होती.

४

कालिन मागच्या अंगणात अंत्यविधीच्या खुर्च्या मांडत होता. आईबाप लहानपणीच गेलेले, स्टामेन-त्सोन्काने पोटच्या पोरासारखा वाढवलेला. सव्वीस वर्षांचा उंच, देखणा मुलगा. गेल्या उन्हाळ्यात दारू पिऊन गाडी चालवली म्हणून लायसन्स गेलं होतं, तेव्हापासून त्याने बाटलीला हात लावला नव्हता, हे गावाला ठाऊक होतं.

"फोनवर काका नक्की काय म्हणाला, परत सांग."

"किती वेळा सांगू, नेदाताई?" तो एका हाताने खुर्ची उचलून ठेवत म्हणाला. डावा हात अंगाशी धरलेला होता. "म्हणाला, क्रूझ सुटत नाहीये. ब्रेक दाबतोय तरी सुटत नाहीये. मग नुसता आवाज."

"तू तेव्हा कुठे होतास?"

"घरी. एकटा. काकू चर्चमध्ये होती."

"आज सकाळी गाडीत वाइन ओतलीस?"

"ओतली. बसलो जरा त्याच्या सीटवर. तो माझा बाप होता." त्याचे डोळे भरून आले, आणि ते खोटे नव्हते. "तुम्ही ग्रोझदानला सोडवायला बघताय ना? सोडवा. तुमचा कूम आहे. पण काका परत येणार नाही, आणि लोक म्हणतील, म्हातारा आंधळा झाला होता, वळण दिसलं नाही. ते मी म्हणू देणार नाही."

नेदा फाटकातून बाहेर पडली. देवळाची घंटा मृताच्या नावाने वाजायला लागली होती. थोड्या वेळात विधी सुरू होणार, आणि तो संपला की सरकारी वकिलांची काळी गाडी येऊन ग्रोझदानला घेऊन जाणार. तिच्या हातात एक कोरी मेमरी आणि एक वळ होता.

ती आपल्या गाडीत बसली. सवयीने डॅशबोर्डकडे बघितलं. घड्याळ नेहमीसारखं भलतंच काहीतरी सांगत होतं.

तिने किल्ली फिरवली आणि गाडी सरळ ठाण्याकडे वळवली.

५

"कूम, फ्यूज काढून परत बसवला की घड्याळ कुठून सुरू होतं?"

ग्रोझदान गजाला टेकून उभा होता. "एकपासून. गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. काय झालं? चेहरा असा का?"

"बाराला जो माणूस रोज घड्याळ लावतो, त्याच्या गाडीत आज अकराला चार वाजले होते."

ग्रोझदानने कपाळावर हात मारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. अख्ख्या गावात एकच घड्याळ खरं होतं, आणि सगळ्या खोट्या घड्याळांच्या सवयीमुळे ते बिघडलेलं कुणाला दिसलं नाही. ज्याने बिघडवलं त्यालासुद्धा.

नेदाने बोटांवर हिशेब मांडला. आदळताना बॅटरी तुटून जुळली असती, तर रविवारी पाचला घड्याळ एकवर आलं असतं आणि आज अकराला सात दाखवलं असतं. काल बाराला त्सोन्काने फ्यूज काढला असता, तर बारा. चार दाखवत होतं, म्हणजे घड्याळ एकवर येऊन तीनच तास झाले होते.

"आज सकाळी आठ," ती म्हणाली.

"किंवा काल रात्री आठ. घड्याळ बारा तासांचं आहे," ग्रोझदान घाईघाईने म्हणाला. जीव टांगणीला लागलेला असतानाही मेकॅनिक तो मेकॅनिकच.

"रात्री कुत्रा सुटा होता. आणि दोन्ही वेळेला तुम्ही इथे, या गजांआड. म्हणजे काल तुम्हाला धरलं तेव्हा कोड गाडीत होता. तुम्ही चौकात बोंबललात तो आहे म्हणून, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी तो जाऊन पुसला."

ग्रोझदान बाकावर मटकन बसला. कालपासून शिव्या घालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पुसलंही नाही.

"कोण? बोयको? आठला तोही तिथे होता."

"बोयकोला तुमची जागा हवी. पण बोयको रविवारी गाडीत नव्हता."

"गाडीत? गाडीत तर एकटा स्टामेन होता!"

"आपल्याकडे चालक डावीकडे बसतो, कूम. पट्टा डाव्या खांद्यावरून येतो. स्टामेनचा वळ उजव्या खांद्यावर आहे."

ग्रोझदानने आपोआप आपला डावा खांदा चाचपला, मग उजवा.

६

दफनभूमीत माती टाकून झाली होती. रीतीप्रमाणे त्सोन्का साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हाचं भांडं घेऊन उभी होती. एकेक जण चमचाभर गहू घेई, 'देव त्याला क्षमा करो' म्हणे आणि बाजूला होई. सरकारी वकील फाटकाशी काळ्या गाडीला टेकून घड्याळ बघत होते. साहेब गालाला रुमाल लावून त्यांच्याशेजारी उभे होते.

नेदा रांगेत उभी राहिली. कालिन गव्हाचा चमचा धरून काकूच्या शेजारी होता, माणसं त्याला भेटून जात होती. तिची पाळी आली. तिने त्याला सांत्वनाला करतात तसं जवळ घेतलं आणि डाव्या खांद्यावर हात दाबला.

कालिन कळवळून मागे झाला. गव्हाचं भांडं हिंदकळलं.

"काय झालं रे?" त्सोन्का दचकली.

"पट्टा लागला आहे त्याला, काकू. डाव्या खांद्यावर. चालवणाऱ्याला लागतो तिथे." नेदाने आवाज चढवला नाही. "कालिन, गाडी तू चालवत होतास."

"तुमच्या कुमाला वाचवायला काहीही बोलाल!"

"आज सकाळी आठला फ्यूज काढलास आणि परत बसवलास. काकाच्या गाडीतलं घड्याळ आज चुकीचं आहे. काकाच्या. तू या घरात वाढलास, तुला तरी दिसायला हवं होतं."

कालिनचा चेहरा पांढरा पडला. तो त्सोन्काकडे बघत होता, नेदाकडे नाही.

"मीच हट्ट केला, काकू," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात लायसन्स परत मिळणार होतं. म्हटलं, वळणापर्यंतच गाडी देतोस का. तो नाही म्हणत होता. मग दिली. मी प्यायलो नव्हतो, देवाशपथ. वेग फार होता. ब्रेकवर पाय गेलाच नाही."

रांग आता रांग राहिली नव्हती. माणसं अर्धवर्तुळ करून उभी होती.

"आणि त्याला स्टिअरिंगमागे बसवलंस," नेदा म्हणाली.

"त्यानंच सांगितलं!" कालिन किंचाळला. "त्याला बोलता येत होतं. म्हणाला, मला तिकडे बसव. तू आत जाशील, तुझं आयुष्य जाईल, माझं झालंय. मला तिकडे बसव आणि मदत बोलाव. मी बसवलं."

त्सोन्काने डोळे मिटले. "असंच म्हणाला असेल तो," ती पुटपुटली. आयुष्यभर मिनिटाचाही खोटेपणा न केलेल्या माणसाने शेवटी एकच खोटं बोलायचं ठरवलं होतं, आणि तेही या पोरासाठी.

"मग ग्रोझदान कशाला त्यात?" गर्दीतून बोयको ओरडला. त्याचाच प्रश्न असावा हे कुणालाच खरं वाटलं नाही.

"लोक म्हणाले असते म्हातारा चुकला. त्याचं नाव खराब झालं असतं. क्रूझ बिघडलंय हे मला ठाऊक होतं. म्हटलं, यंत्राचा दोष. ग्रोझदानला फार तर दंड होईल. मला वाटलं नव्हतं बेड्या घालतील."

नेदाला एकच प्रश्न विचारायचा होता, आणि तो विचारू नये असं तिला मनापासून वाटत होतं.

"काकाच्या फोनवरून तू तुझ्याच नंबरला फोन केलास. काकानं फोन केला असं दिसावं म्हणून. फोन तुझ्या हातात होता, कालिन. त्यानं सांगितलं होतं मदत बोलाव. तू स्वतःला फोन केलास, तेव्हा तो श्वास घेत होता का?"

वकीलसाहेब फाटकापासून चार पावलं आत आले होते.

"हो," कालिन म्हणाला.

त्सोन्काने त्याच्या हातातला गव्हाचा चमचा काढून घेतला. ओरडली नाही, रडली नाही. चमचा रुमालाने पुसला, भांड्यात ठेवला आणि पाठ फिरवली.

काळी गाडी कालिनला घेऊन गेली.

ग्रोझदानला सोडलं तेव्हा तो घरी गेला नाही. नेदाने त्याला वाटेत सगळं सांगितलं होतं आणि त्यावर तो एक अक्षर बोलला नव्हता. तिला वाटलं, कुमाने आपल्याशी अबोला धरला. तो तिच्या मागोमाग दफनभूमीत आला. माणसं पांगली होती. त्सोन्का एकटीच मांडीवर भांडं घेऊन बसली होती. त्याला बघून तिची मान खाली गेली.

"वहिनी," तो म्हणाला, "माझ्या वाटणीचा गहू आहे का?"

तिने दोन्ही हातांनी भांडं पुढे केलं. त्याने चमचाभर घेतला, चावला, गिळला.

"देव त्याला क्षमा करो."

"कोणाला, ग्रोझदान?" त्सोन्काने विचारलं. तिला खरंच कळायला हवं होतं.

"स्टामेनला. त्या पोराचं देवानं बघावं. माझं मन अजून तेवढं मोठं झालेलं नाही."

त्सोन्काने मान हलवली. "माझंही नाही," ती म्हणाली आणि भांडं नेदापुढे धरलं.